अकॅलेशिया कार्डिया : हेतू, संप्राप्ती व व्यवच्छेदक निदान

प्रास्ताविक
‘अन्न घशाशी येते, छातीत जळजळते’ असे सांगणारा रुग्ण आला की आपले लक्ष प्रथम अम्लपित्ताकडे जाते. प्रस्तुत लेखकाने ३८ वर्षांच्या एका रुग्णेस ८ महिने अविपत्तिकर चूर्ण व सूतशेखर दिले. दाह किंचित उणावला, वजन मात्र ९ किलोने घटले. अखेर बेरियम तपासणीत अकॅलेशिया कार्डियाचे निदान झाले. ही चूक इतरांकडून होऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.

हेतू
हा व्याधी विरळ आहे. दरवर्षी लाखात सुमारे एकास होतो. स्त्री-पुरुषांत तो सारख्याच प्रमाणात आढळतो. अन्ननलिकेच्या भित्तीतील ज्ञानतंतूंच्या जाळ्यातील, स्नायू सैल करणाऱ्या पेशी नष्ट होणे ही मूळ विकृती होय. विषाणुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणाच या पेशींवर उलटत असावी, असे आज मानले जाते. दक्षिण अमेरिकेतील चागास रोगातही अशीच विकृती उद्भवते. आहारदोष हे याचे मूळ कारण नव्हे.

संप्राप्ती
प्राकृत अवस्थेत घास गिळताच अन्ननलिकेत वरून खाली लहर जाते व आमाशयाच्या मुखाशी असलेले स्नायुद्वार सैल होते. त्यासाठी लागणारे नायट्रिक ऑक्साइड उपरोक्त पेशी स्रवतात. त्या नष्ट झाल्या की द्वार मिटलेलेच राहते, लहरही लोपते. अन्न वरच साचते, नलिका विस्तारते आणि कालांतराने नागमोडी होते.

आयुर्वेदीय दृष्टीने अन्नप्रवेश हे प्राणवायूचे कर्म. त्याच्या दुष्टीने अन्नवह स्रोतसात प्रथम संग व त्यातून विमार्गगमन, अशी संप्राप्ती मांडता येईल. मात्र ही मांडणी आकलनासाठी आहे. नष्ट पेशी औषधाने पुन्हा निर्माण होतात, असा अर्थ काढू नये.

व्यवच्छेदक लक्षणे
१. घन व द्रव दोन्ही गिळण्यास आरंभापासून कष्ट. (अर्बुदात प्रथम घन अन्न अडते, नंतर द्रव.)
२. वर येणारे अन्न न पचलेले असते. ते आंबट वा कडू लागत नाही, कारण ते आमाशयात पोहोचलेलेच नसते.
३. आडवे झाल्यावर अन्न वर येणे, रात्री उशीवर पाणी, ठसका, वारंवार कास.
४. उरःशूल व वजनात घट.

जळजळ असली म्हणजे अम्लपित्तच, असे नव्हे. साचलेले अन्न आंबल्यानेही दाह होतो.

चिकित्सकांसाठी सूचना
प्रथम एंडोस्कोपी करवावी. उतारवयात अल्पकाळात लक्षणे वाढल्यास अर्बुदाची शंका घ्यावी. बेरियम तपासणीत नलिकेचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते दिसते. निश्चित निदान मॅनोमेट्रीने होते. फुग्याने द्वार रुंद करणे, १९१३ साली हेलर यांनी प्रथम केलेली स्नायुच्छेदनाची शस्त्रक्रिया किंवा दुर्बिणीतून होणारी ‘पोएम’ हे उपाय उपलब्ध आहेत. निदानापूर्वी वमन देऊ नये. साचलेले अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो.

औषधविक्रेत्या बंधूंनाही विनंती आहे : ‘पाणीसुद्धा अडते’ असे सांगून पाचक चूर्ण पुन्हा पुन्हा नेणाऱ्या ग्राहकास पुढचा डबा देण्याआधी वैद्याकडे पाठवावे. उपशय न मिळणे हेही निदानाचे एक साधन आहे, हे आपण विसरू नये.