करार आणि वचन

२४ नोव्हेंबर २०१२ रोजी ढाक्याजवळच्या आशुलियात ताझरीन फॅशन्स या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. किमान ११२ कामगार मेले. राखेत वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीसाठी शिवलेले कपडे सापडले. आपल्या पुरवठादाराने परवानगी न घेता हे काम तिथे दिले होते, असे वॉलमार्टने सांगितले. बड्या दुकानदारांच्या सामाजिक जबाबदारीची खरी गाठ इथेच आहे. भाव आणि मुदत कंपनी ठरवते. पण काम पुरवठादाराकडून पोटकंत्राटदाराकडे सरकले की उत्तर द्यायला कोणीच उरत नाही.

पाच महिन्यांनी ढाक्याजवळच्याच सावरमधली राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसल्यावर खालची बँक रिकामी झाली होती. वरच्या मजल्यांवरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावले गेले.

त्यानंतर युरोपातल्या अनेक कंपन्यांनी कामगार संघटनांसोबत कारखान्यांच्या सुरक्षेसाठी ‘अकॉर्ड’ हा करार केला. तो कायद्याने बंधनकारक होता. कंपनीने शब्द मोडला तर संघटनेला लवादाकडे जाता येत होते. वॉलमार्ट आणि गॅपने त्यावर सही केली नाही, ‘अलायन्स’ हा वेगळा गट काढला. त्यानेही कारखाने तपासले, दुरुस्त्या करवून घेतल्या. पण तिथे कामगार संघटना बरोबरीची पक्षकार नव्हती. माझ्या मते हा फरक निर्णायक आहे. म्हणून कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा अहवाल वाचताना आधी पाहावे, कामगाराला दाद मागायची सोय कुठे आहे.