रंगाची कमाई धुण्यात

कोऱ्या कापडावर पाजणीची खळ असते. ती धुऊन काढली नाही तर कापड रंग धरत नाही आणि डागी माल गिऱ्हाईक परत करतो. कापडाच्या धंद्यात आमची हयात गेली. तरी हाच धडा आम्हाला पुन्हा शिकावा लागला, तोही वालचंदनगरला, बोटाएवढ्या मोटारींवर.

आमचा भाचा तिथे लेथवर काम करतो. हात साफ आहे. फावल्या वेळात तो मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या प्रतिकृती तयार करतो. रेझिनचे ओतीव सुटे भाग बाहेरून येतात. साफ करणे, जोडणे आणि रंगवणे त्याच्याकडे. भांडवल आम्ही घातले.

वालचंदनगरशी या गाडीचे जुने नाते आहे. ज्यांच्या नावाने हे गाव वसले त्या वालचंद हिराचंद यांनीच 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. या कंपनीने फियाटच्या परवान्यावर बनवलेली गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून मुंबईची टॅक्सी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. गाडी गेली तरी तिच्या आठवणीला गिऱ्हाईक आहे. 1:43 प्रमाणात ती जेमतेम 9 सेंटिमीटर भरते.

चूक कुठे झाली?

पहिल्या खेपेत दोन डझन गाड्या गेल्या आणि बहुतेक परत आल्या. खोक्याची चिकटपट्टी काढताना छताचा पिवळा रंग सालीसारखा निघाला होता. रंग चांगल्या प्रतीचा होता, चूक आमची होती. भाग सिलिकॉन रबराच्या साच्यातून सुटावा म्हणून त्याला मेणासारखा किंवा तेलकट लेप लावतात. तो डोळ्याला दिसत नाही, पण भागावर राहतो. आम्ही न धुताच रंग मारला होता.

कामाची रीत

कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण घालून मऊ ब्रशने प्रत्येक भाग घासावा. पाणी कढत नको, बारीक भाग वाकतात. आरसे, हँडल यांसारखे भाग चहाच्या गाळणीत धुवावेत, नाहीतर मोरीत जातात. वाळवण सावलीत करावे. त्यानंतर बोटांचे तेल लागू देऊ नये.

वाकडा भाग गरम पाण्यात क्षणभर धरून सरळ करावा आणि लगेच गार पाण्यात घालावा. बुडबुड्यांची भोके लांबीने भरावीत. घासताना पॉलिश पेपर ओला ठेवावा आणि नाकाला मास्क बांधावा. रेझिनची धूळ छातीला वाईट. घासून झाल्यावर पुन्हा एकदा धुवावे. त्यानंतर प्रायमरचे पातळ हात द्यावेत. जाड एक हात मारला तर खिडकीच्या कडा बुजतात.

रंगात फिका आधी, गडद नंतर. पिवळे छत पूर्ण वाळल्यावर पट्टीने झाकावे, मग अंग काळे करावे. उलट केले तर काळ्यावर पिवळा झाकत नाही. आमच्या ऊसपट्ट्यात पाचट पेटवल्यावर काजळी उडते. त्या दिवशी फवारा मारू नये.

हिशेब

धुण्यात वेळ जातो म्हणून कारागीर ते टाळतो. पण परत आलेल्या गाडीचा रंग उतरवा, धुवा, पुन्हा रंगवा: मजुरी दुप्पट आणि विक्री एकच. जपून उतरवावा लागतो तो वेगळाच, कारण तेज थिनरने रेझिनच खराब होते. आणि एकदा माल परत गेला की दुकानदार पुढची ऑर्डर हात राखून देतो.

आता आमच्याकडे धुण्याचे काम भाचसून करते. पूर्वी ते 'घरातले काम' म्हणून फुकट धरले जाई. आता तिला नगामागे मजुरी मिळते आणि ती हिशेबाच्या वहीत पहिली लिहिली जाते. तिने 'नाही' म्हटलेला भाग रंगाला जात नाही, मग भाचा कितीही घाईत असो. दुसऱ्या खेपेतला एकही नग अजून परत आलेला नाही.

कारागीर बंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे: गिऱ्हाईक रंग पाहून घेतो, पण माल टिकतो तो धुणाऱ्याच्या हातावर. त्या हाताची मजुरी मारू नका.