शांतिसेना आणि सेमी-लॉग पेपर

कांदिवली पूर्वेला राहणाऱ्याला सीओडी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सेंट्रल ऑर्डनन्स डेपो, लष्कराचं कोठार. लांबच लांब भिंत आणि वर काटेरी तार. रोज कॉलेजला जाताना रिक्षा त्या भिंतीला लागून जाते, आणि मी मात्र जर्नलची किती पानं राहिली तेच मोजत असतो! लष्कराशी आपला संबंध बहुधा एवढाच.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका राहतात. सैन्यात सिग्नल्समध्ये होते, मूळचे साताऱ्याकडचे. एकदा लाइट गेले म्हणून त्यांच्या ओट्यावर गप्पा मारत बसलो होतो. मी सहज विचारलं, "काका, तुम्ही कारगिलला होता का हो?"

"नाही रे. मी लंकेत होतो. सत्त्याऐंशी ते एकोणनव्वद."

"लंकेत? पण आपलं लंकेशी युद्ध कधी झालं?"

काका हसले. "तेच तर! गावी आईनंही हेच विचारलं होतं. कुणाशी लढतोयस, म्हणाली. मला सांगताच आलं नाही."

मित्रांनो, लाज वाटली. त्या निमित्ताने थोडं वाचलं, त्यातून हा लेख.

आधी थोडी गणिताची गोष्ट. परदेशात सैन्य पाठवलं की देशातले लोक किती दिवस धीर धरतात? जॉन म्यूलर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने कोरिया आणि व्हिएतनाम युद्धांच्या काळातली जनमत चाचणी तपासली आणि १९७३ साली पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की हताहतांचा आकडा दहापट झाला की युद्धाचा पाठिंबा सुमारे १५ टक्क्यांनी खाली येतो. म्हणजे १०० वरून १,००० झाले तरी १५, आणि १,००० वरून १०,००० झाले तरी १५च. सेमी-लॉग पेपरवर काढा, सरळ रेषा! कारणही पटण्यासारखं आहे. ज्यांचं मन आधीच डळमळीत असतं ते पहिल्या धक्क्यालाच गळतात. मागे उरतात ते पक्के. त्यांना हलवायला धक्काही मोठा लागतो.

आता हा ग्राफ आपल्या शांतिसेनेला लावून बघू.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. तमिळ भागाला काही अधिकार मिळणार, तमिळ गटांनी शस्त्रं खाली ठेवायची आणि देखरेखीला भारतीय शांतिसेना. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. करार सिंहलींना किती खुपला होता याची ती पहिली झलक. जाफनातल्या तमिळांनी मात्र आपल्या जवानांचं हार घालून स्वागत केलं. जूनमध्ये भारताच्या विमानांनी तिथे मदतसामग्री टाकली होती, ते ताजं होतं.

हे प्रेम जेमतेम दोन महिने टिकलं. सप्टेंबरच्या अखेरीस एलटीटीईचा थिलीपन नल्लूरला उपोषण करून मेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पकडलेल्या काही वाघांनी सायनाइड खाल्लं, आणि शांतता राखायला गेलेली फौज लढाईत उतरली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या १३ शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जवानांपैकी एकच जिवंत राहिला, तोही शत्रूच्या ताब्यात. त्याच महिन्यात जाफना रुग्णालयात आपल्या जवानांच्या गोळीबारात डॉक्टर, नर्स आणि रुग्ण मारले गेले. हार घालणारे हात त्यानंतर परत दिसले नाहीत.

इथे एक मुंबईकर आठवायला हवा. मेजर रामस्वामी परमेश्वरन. जन्म मुंबईचा, शिक्षण माटुंग्याच्या एसआयईएसमध्ये. आपण दादरला गाडी बदलतो त्याच्या पुढचंच स्टेशन! लंकेत ते ८ महार बटालियनमध्ये होते. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली, आणि त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आग्रह होता. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. मेजरसाहेब हल्लेखोरांच्या पिछाडीला गेले. छातीत गोळी लागली तरी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. या मोहिमेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. आमच्या वर्गात विचारलं, तर नाव दोघांनाच ठाऊक होतं. (त्यातला एक एनसीसीवाला.)

पुढची दोन वर्षं फौज वाढत गेली, ऐंशी हजारांच्या आसपास पोचली. परत आले नाहीत असे सुमारे १,२००. आता म्यूलरसाहेबांच्या हिशेबाने इथे प्रक्षोभ व्हायला हवा होता. झाला का?

निवडणूक हा काही ग्राफ नव्हे, पण दुसरं मोजमाप हाताशी नाही. नोव्हेंबर १९८९ मध्ये लोकसभेला काँग्रेस हरली खरी, पण गाजत होतं बोफोर्स. आणि तमिळनाडूत, जिथे लंकेतल्या तमिळांबद्दल सगळ्यात जास्त जिव्हाळा, तिथे काय झालं? ३९ जागांपैकी काँग्रेसला २७, मित्रपक्ष अण्णा द्रमुकला ११. शांतिसेनेवर कडक टीका करणाऱ्या, राज्यात सत्तेत असलेल्या द्रमुकला शून्य! हा आकडा मी तीनदा तपासला.

म्हणजे आपण फार धीराचे? मला तसं वाटत नाही. म्यूलरच्या ग्राफमध्ये एक गृहीत लपलंय, की लोक आकडा मोजत असतात. तेव्हा अमेरिकेत सक्तीची भरती होती. प्रत्येक घराला वाटायचं, उद्या आपला मुलगा. आपलं सैन्य स्वेच्छेचं, आणि टीव्ही म्हणजे फक्त दूरदर्शन. ज्या गावात तार यायची ते गाव सोडलं तर एक्स-अ‍ॅक्सिसवर कुणी बघतच नव्हतं. अमेरिकेनेही पुढे सक्तीची भरती बंद केली, आणि अफगाणिस्तानात ती फौज २००१ ते २०२१ अशी वीस वर्षं राहिली. उलट सोमालियात ऑक्टोबर १९९३ मध्ये एका लढाईत १८ सैनिक गेले आणि काही महिन्यांत गाशा गुंडाळला. कारण ते टीव्हीवर दिसलं, आणि आपण इथे कशासाठी आहोत याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. धीर धरणं आणि लक्ष नसणं, दोन्हींचा ग्राफ सपाटच दिसतो, बरं का.

मग शांतिसेना परतली कशी? धीर सुटला तो यजमानांचा. दक्षिण लंकेत जेव्हीपीने भारतीय फौजेच्या विरोधात रान पेटवलं होतं. १९८९ च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष झालेल्या प्रेमदासांवर त्याचा एवढा दाब होता की त्यांनी थेट एलटीटीईशी बोलणी सुरू केली. पुढे तर आपल्याशी लढायला त्यांना शस्त्रंही पुरवली! जूनमध्ये जाहीर मागणी केली, की २९ जुलैच्या आत फौज हलवा. राजीव गांधी नाही म्हणाले. जुलैअखेर काही शे जवान परत आणून दोघांची अब्रू राखली. डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंग आले, त्यांनी उरलेली फौज काढायला घेतली आणि २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी निघाली. मद्रासला त्यांच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. पाठवताना ज्यांनी विचारलं नाही, त्यांनी परत आल्यावरही विचारलं नाही. पुढच्याच वर्षी श्रीपेरुंबुदूरला काय झालं ते सर्वांना माहीत आहे.

काकांना विचारलं, तुम्हाला तेव्हा राग आला होता का? म्हणाले, "राग कसला? सेटवर रात्रभर मेसेज घ्यायचो. अमक्या कंपनीत इतके गेले. सकाळी दाढी करून परत ड्यूटी. सुट्टीत गावी आलो तर पारावर सगळे क्रिकेटच्या वर्ल्डकपचं बोलत होते. मीपण बोललो."

कोलंबोजवळ बत्तरमुल्ल इथे श्रीलंका सरकारने या जवानांचं स्मारक बांधलंय, त्यावर सगळ्यांची नावं आहेत. काकांना एकदा जायचंय, त्यांच्या सेक्शनमधली दोन नावं बघायला. पासपोर्टचा ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. सबमिशनमुळे दोन आठवडे राहिलंय, या रविवारी बसतो.