बोली लावून खोली
बाजार उठताना उरलेली मेथी पडत्या भावात जाते, तसंच हॉटेलच्या खोलीचं. आजची रात्र रिकामी गेली की तिचे पैसे बुडाले. अमेरिकेत १९९८ साली प्राइसलाइन कंपनीनं यावरच इंटरनेटवर धंदा उभारला. गिऱ्हाइकानं न्यूयॉर्कमधला भाग आणि हॉटेलचा दर्जा निवडून आपला भाव सांगायचा. तो पटला की कार्डावरून पैसे लगेच कापले जायचे. हॉटेलचं नाव त्यानंतर कळायचं, आणि बेत बदलला तरी पैसे परत नाहीत. खोली स्वस्तात मिळायची ती यासाठीच. म्हणून गटाच्या पैशातून मुंबईत खोली ठरवताना तीन गोष्टी आधी वाचून घ्या: करासह एकूण रक्कम, नेमकं ठिकाण, आणि रद्द केल्यास किती पैसे परत मिळणार.