निकाल लागेपर्यंत बाजार उठलेला असतो

अमेरिकेच्या न्याय विभागाने मे १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. विंडोजला स्वतःचा ब्राउझर जोडून कंपनीने नेटस्केपची वाट अडवली, हा मुख्य आरोप होता. जून २००० मध्ये कंपनीच्या विभाजनाचा आदेश निघाला. वर्षभराने अपील न्यायालयाने तो रद्द केला. मक्तेदारी गैरमार्गाने टिकवल्याचा ठपका मात्र कायम ठेवला. नेटस्केपला त्याचा उपयोग काय? स्वतःला एओएलच्या हवाली करण्याचा करार तिने नोव्हेंबर १९९८ मध्येच जाहीर केला होता.

म्हणूनच सॉफ्टवेअर कंपन्यांच्या खटल्यांत मी दंडाच्या रकमेआधी तारखा पाहतो. भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडप्रकरणी गुगलविरुद्ध चौकशीचा आदेश एप्रिल २०१९ मध्ये दिला. मोबाइल उत्पादकांना गुगलची ॲप एकगठ्ठा घ्यायला लावणे गैर ठरवून १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला गेला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे साडेतीन वर्षांनी. १९ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाच्या अंमलबजावणीत हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि २५ जानेवारीला गुगलने भारतासाठी बदल जाहीर केले. वर्षानुवर्षे न झालेली गोष्ट सहा दिवसांत मार्गी लागली. कंपनीला हलवले ते दंडाने नव्हे, स्थगिती न मिळाल्याने.

प्ले स्टोअरच्या देयकपद्धतीबद्दलचा ९३६.४४ कोटींचा दुसरा दंड राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला. दरम्यान, मार्च २०२४ मध्ये शुल्काच्या वादातून गुगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप स्टोअरवरून काढली. केंद्र सरकारने लक्ष घातल्यावर ती परतली. उद्योजकाला दाद मिळाली, पण ती मंत्र्यांच्या शब्दाने, कायद्याने नव्हे. ज्याची दिल्लीत ओळख नाही, त्याने काय करावे?

घाईचे धोके मी नाकारत नाही. शिवाय तक्रारदार नेहमीच दुबळा असतो असेही नाही: एकेकाळी आरोपी असलेली मायक्रोसॉफ्ट २०११ मध्ये गुगलविरुद्ध युरोपीय आयोगाकडे गेली होती. कायद्याने या महाकाय कंपन्यांपैकी कोणाचाही कैवार घेऊ नये. ग्राहकाची निवड आणि नवख्याचा प्रवेश, एवढेच त्याने राखावे.

मोठ्या कंपन्यांवर आधीच बंधने घालणारे डिजिटल स्पर्धा विधेयक मार्च २०२४ मध्ये मसुद्याच्या रूपाने आले. त्याच्या निकषांत वाढत्या भारतीय कंपन्याही सापडतील, हा आक्षेप विचारात घ्यावाच लागेल. पण तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. स्पर्धा कायद्याचे कलम ३३ आयोगाला चौकशी चालू असतानाच अंतरिम आदेश देण्याचा अधिकार देते. तो अधिकार निर्धाराने वापरावा, आयोगाला पुरेसे तंत्रज्ञ द्यावेत आणि दिवाळखोरीच्या प्रकरणांचाही भार वाहणाऱ्या अपील न्यायाधिकरणात स्पर्धाविषयक स्वतंत्र पीठ नेमावे. सॉफ्टवेअरच्या बाजारात दोन-तीन वर्षांत पिढी बदलते. त्या वेगाने निदान अंतरिम दिलासा मिळाला नाही, तर उद्याचा नेटस्केप भारतीय असेल आणि त्याच्या बाजूने लागलेला निकाल वाचायला त्याचे कार्यालयही उरलेले नसेल.