साठीनंतर तीनचाकी सायकल: तोल कुठे सांभाळते, कुठे फसवते?

पाय चालतात, पायडलही मारता येतं, पण थांबताना एक पाय टेकवायचा म्हटलं की छातीत धडधडतं. साठी-सत्तरीतल्या बऱ्याच जणांची सायकल याच कारणाने भिंतीला लागते. माझं वय ६८. बीडमध्ये मंडई, बँक, औषधं सगळं आयुष्यभर सायकलवर केलं. ती सुटली की साध्या कामालाही नातवाची गाडी मोकळी व्हायची वाट बघा! म्हणून मी तीनचाकी घेतली. ती चालते कशी आणि घेताना काय बघायचं, ते समजून घेऊ.

ही कोणती तीनचाकी?
दिव्यांगांसाठीची, हाताने फिरवायची ट्रायसिकल वेगळी. हिला पायडल आणि चेन नेहमीच्या सायकलसारखीच असते. फक्त मागे दोन चाकं आणि त्यांच्यावर मोठी टोपली. उभी असताना पडत नाही, पाय टेकवायची गरज नाही. खरा फायदा हाच.

वळणावर काय होतं?
दोन चाकांवर वळताना आपण नकळत आतल्या बाजूला झुकतो. तीनचाकी झुकत नाही, त्यामुळे वळणावर शरीर बाहेर फेकल्यासारखं वाटतं. वेग जास्त असेल तर आतलं मागचं चाक उचलतं.

अंदाजे हिशोब बघा. मागच्या चाकांमधलं अंतर ६० सेंटीमीटर, बसल्यावर आपला गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० सेंटीमीटर आणि वळणाची त्रिज्या ४ मीटर धरली, तर ताशी साधारण १२ किलोमीटरलाच चाक उचलू शकतं. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, अंग आतल्या बाजूला न्यायचं आणि चालण्याच्या वेगाने वळायचं. जड पिशवी टोपलीच्या तळाशी ठेवायची.

रस्त्याचा उतार
पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. दुचाकीवर ते जाणवत नाही, तीनचाकी मात्र सारखी डावीकडे ओढते. साइडपट्टी खचलेली असेल तर एक चाक खाली जाऊन गाडी कलंडू शकते. ऊस वाहतुकीच्या दिवसांत मोठ्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलीला जागा द्यायला खाली उतरावं लागतं, म्हणून मी गल्लीबोळाचाच रस्ता धरतो. मांजरसुंब्याच्या घाटासारख्या उतारावर तर ही न्यायचीच नाही.

घेताना काय तपासाल?
- जोर किती चाकांना? बऱ्याच स्वस्त गाड्यांत मागचं एकच चाक ओढतं, चिखलात ते घसरतं. दोन्ही चाकांना जोर देऊन वळताना त्यांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या यंत्रणेला डिफरन्शियल म्हणतात. इंग्लंडच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७७ मध्ये ते तीनचाकीतच वापरलं होतं. आज ते मोटारींत असतं.
- पार्किंग ब्रेक: हवाच. नाहीतर उतरताना गाडी घरंगळते.
- दांडी: खाली असावी, पाय उंच न उचलता बसता यावं.
- रुंदी: टेपने मोजा, मग घराचं दार मोजा.

पहिला आठवडा
वर्षानुवर्षे दुचाकी चालवलेल्यांना ही सुरुवातीला जड जाते. कारण हात-अंग जुन्या सवयीने झुकून वळायला बघतं, आणि इथे हँडल सरळ फिरवावं लागतं. मोकळ्या मैदानात सकाळी अर्धा तास सराव करा. चक्कर येत असेल किंवा नजर कमी झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तिसरं चाक तोल सांभाळतं, समोरचा खड्डा आपल्यालाच बघावा लागतो.