दूध न घेणारी गर्भिणी : अंतिम त्रैमासिक आणि वैद्याचे कर्तव्य

गर्भिणी परिचर्या हा आपणा सर्व वैद्यांच्या अभिमानाचा विषय आहे. महिन्यागणिक आहार सांगणारी इतकी सुसूत्र मांडणी आपल्या शास्त्रात फार प्राचीन काळी झाली, हे आपण व्याख्यानांतून आवर्जून सांगतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय उघडून पाहिला, तर या मांडणीचा कणा कोणता हे लगेच ध्यानात येते. प्रथम मासात दूध, द्वितीय मासात मधुर औषधांनी सिद्ध दूध, तृतीय मासात मध व तुपासह दूध, चतुर्थात दुधाचे लोणी, पंचमात क्षीरसर्पी, षष्ठ व सप्तम मासांत मधुर औषधांनी सिद्ध क्षीरसर्पी आणि अष्टम मासात तूप घातलेली क्षीरयवागू. म्हणजे सलग आठ महिने दूध आणि दुधापासून झालेले पदार्थ.

आता समोर बसलेली गर्भिणी दूध, दही, ताक, लोणी, तूप आणि मध यांपैकी काहीच घेणार नसेल, तर वैद्याने काय करावे? हा प्रश्न आता काल्पनिक राहिलेला नाही. प्राणिज पदार्थ पूर्णतः वर्ज्य करणाऱ्या आहारपद्धतीला ‘व्हीगन’ हे नाव १९४४ साली इंग्लंडमध्ये मिळाले. आज पुण्या-मुंबईच्याच नव्हे, तर लहान शहरांतील तरुण स्त्रियाही हे व्रत पाळताना दिसतात. या लेखात आम्ही गर्भिणीच्या शेवटच्या तीन महिन्यांपुरता या प्रश्नाचा विचार मांडत आहोत. त्याची सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

एक कबुली

२०१६ च्या पावसाळ्यात सातव्या महिन्यातील एक गर्भिणी आमच्याकडे आली. तक्रार साधीच होती : मलावष्टंभ, थकवा आणि पायांत मुंग्या. आहाराची चौकशी करता ती दूध-तूप घेत नसल्याचे समजले. आम्ही तिला अर्धा तास क्षीराचे गुण ऐकविले. तिने तिची बाजू मांडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आमचा स्वर चढला. अखेर “आधी दूध सुरू करा, मग औषधाचे पाहू,” असे सांगून आम्ही तिला परत पाठविले. ती पुन्हा आली नाही.

आली ती सुमारे एका वर्षाने, कडेवर नऊ महिन्यांचे मूल घेऊन. मूल केवळ स्तन्यावर वाढत होते. ते मान नीट धरत नव्हते, हसणे कमी झाले होते आणि हात सतत थरथरत होते. आम्ही त्याच दिवशी त्याला बालरोगतज्ज्ञांकडे पाठविले. निदान झाले ते बी-१२ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाचे. मातेच्या शरीरातच बी-१२ नसेल, तर गर्भाला साठा मिळत नाही आणि पुढे स्तन्यातूनही पुरेसे मिळत नाही. ‘इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम’ या नावाने हे चित्र भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचे आहे. इंजेक्शने सुरू झाल्यावर काही आठवड्यांत कंप थांबला, मान धरली गेली. बोलणे मात्र उशिरा आले.

त्या भेटीत आम्ही दुधावर वाद घातला. पायांतील मुंग्यांचा अर्थ लावला नाही आणि बी-१२ हा शब्दही उच्चारला नाही. रुग्णेचा आग्रह आम्हांस दिसला, आमचा दिसला नाही.

दुसरी रुग्णा

२०२२ साली एकतीस वर्षांची एक शिक्षिका अठ्ठाविसाव्या आठवड्यात आमच्याकडे आली. पाच वर्षांपासून व्हीगन. प्रकृती वातपित्तज, कृश बांधा, अग्नी विषम. सहाव्या महिन्यापर्यंत ती दर रविवारी सिंहगड चढत होती. सोबत सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, “अहो डॉक्टर, आता तुम्हीच हिला समजावा. निदान नऊ महिने तरी तूप खा म्हणावं.” मुलीचे उत्तर शांत होते : “आई, वासराच्या वाट्याचं दूध मी सोडलं ते विचार करून. आता स्वतः आई होताना ते घेणं मला जमणार नाही.”

या वेळी आम्ही दुधाचे माहात्म्य एकदाच, थोडक्यात सांगितले आणि तिचा निर्णय नोंदवहीत लिहून घेतला. हिमोग्लोबिन ९.४ ग्रॅम, बी-१२ प्रतिमिलिलीटर १४२ पिकोग्रॅम. फॉलिक आम्लाची गोळी ती नियमित घेत होती; बी-१२ घेत नव्हती.

संहितेतील मतभेद

आमच्या मनातील अडचण सोडविण्यास संहितेनेच साह्य केले. अष्टम मासातील क्षीरयवागूवर खुद्द चरकसंहितेत मतभेद नोंदविलेला आहे. भद्रकाप्य म्हणतात, ही यवागू देऊ नये. तिने गर्भाला पैंगल्याची बाधा होते. भगवान पुनर्वसु आत्रेय उत्तर देतात की, ती बाधा झाली तरी चालेल, पण यवागू टाळू नये. कारण तिने माता निरोगी राहते आणि आरोग्य, बल, वर्ण, स्वर व संहनन यांनी संपन्न अपत्य जन्मते.

निर्णय दुधाच्या बाजूचा आहे, हे स्वच्छपणे मान्य केले पाहिजे. संहिता व्हीगन आहाराला अनुकूल आहेत, असा अर्थ ओढूनताणून काढणे अशास्त्रीय होईल. परंतु आत्रेयांनी निर्णयाचे कारण म्हणून काय सांगितले, ते पाहावे. त्यांनी द्रव्याचे पावित्र्य सांगितले नाही, फळ सांगितले. तेव्हा हे फळ कोणत्या गुणकर्मांनी मिळते आणि तीच गुणकर्मे अन्य द्रव्यांतून कितपत साधता येतील, असा विचार करण्यास वैद्याला वाव उरतो.

सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अग्र्यसंग्रहात जीवनीय द्रव्यांत क्षीर श्रेष्ठ म्हटले आहे. त्याच संग्रहात गर्भधारणेस हितकर भावांत सौमनस्य, म्हणजे मनाची प्रसन्नता, श्रेष्ठ म्हटली आहे. दौहृदाच्या प्रकरणात तर गर्भिणीची तीव्र इच्छा अहितकर असली, तरी तिला हितकर द्रव्यांची जोड देऊन ती पुरवावी, असा उपदेश आहे. मन मारून प्यायलेल्या दुधातून एक श्रेष्ठ मिळवायचे आणि दुसरे गमवायचे, हा व्यवहार आम्हांस योग्य वाटला नाही.

गुणकर्मांनुसार योजना

क्षीर व घृत यांच्याकडून शेवटच्या तीन महिन्यांत आपल्याला बृंहण, स्नेहन आणि वातानुलोमन हवे असते. आम्ही तिची योजना या तीन शब्दांवर बेतली.

बृंहणासाठी प्रथिनांचा हिशेब मांडला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीस रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात आणि गर्भिणीस शेवटच्या त्रैमासिकात आणखी २२ ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत प्रथिने २२ ते २४ ग्रॅमच असतात. म्हणजे पातळ वरणाच्या दोन वाट्यांनी हे भागत नाही. मूग, मटकी, हरभरा, भाजलेले शेंगदाणे आणि सोयाबीन किंवा टोफू दिवसाच्या पाच लहान आहारांत विभागून दिले. मटकीने आध्मान होई, म्हणून मोड काढून, शिजवून, हिंग-जिऱ्याच्या फोडणीनेच ती खाण्यास सांगितले.

अष्टम मासात क्षीरयवागूच्या जागी जुना तांदूळ व मूगडाळ यांची मऊ पेज, वरून ताज्या नारळाचे दूध आणि चिमूटभर सुंठ, अशी योजना केली. नारळाचे दूध मधुर, शीत व स्निग्ध आहे. मात्र प्रथिने आणि कॅल्शियम यांबाबत ते गायीच्या दुधाची जागा घेत नाही, हे रुग्णेला सांगणे आवश्यक आहे.

कॅल्शियमसाठी नाचणी, ज्यात शंभर ग्रॅमला सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, मोड आणून तिचे सत्त्व दिले. तिळाची चटणी अल्प प्रमाणात दिली. तीळ उष्ण म्हणून गर्भिणीस वर्ज्य मानण्याची घरोघरी रीत आहे. तिचा मान राखून प्रमाण रोज एक चमच्यापुरते ठेवले. एवढ्यावर न थांबता राष्ट्रीय मार्गदर्शनाप्रमाणे रोज १ ग्रॅम कॅल्शियम गोळ्यांच्या रूपाने, दोन वेळांत विभागून चालू ठेवले.

वातानुलोमनासाठी रात्री भिजविलेल्या काळ्या मनुका, अंजीर, कोमट पाणी आणि जेवणात कच्च्या घाणीचे तेल दिले. एरंडतेलाचा मोह या अवस्थेत टाळावा. चतुर्विध स्नेहांत घृताप्रमाणेच तैलही आहे, हे आपण कधी कधी विसरतो. नवम मासात चरकाचार्यांनी मधुर औषधसिद्ध तैलाचाच अनुवासन व पिचू सांगितला आहे. म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या मासात शास्त्र आणि रुग्णा यांच्यात वाद उरत नाही. ३६ आठवडे पूर्ण झाल्यावर, प्रसूतितज्ज्ञांच्या संमतीने, दूध न वापरता सिद्ध केलेल्या बलातैलाची अल्प मात्रा बस्ती आम्ही दिली. वार खाली असणे, रक्तस्राव, पाणी जाणे किंवा अकाल प्रसूतीची शक्यता असेल, तर बस्ती व पिचू दोन्ही वर्ज्य समजावेत.

औषधांची झडती

या रुग्णेने आम्हांस आमचेच औषधांचे कपाट नव्याने पाहावयास लावले. प्रत्येक औषधाबाबत तिचा एकच प्रश्न असे, “यात काय आहे?” फलघृत आणि च्यवनप्राश यांतील घृत-मध सर्वांना ठाऊक आहेत. परंतु क्षीरबला तैल दुधात सिद्ध होते. कामदुधेत मौक्तिक, प्रवाळ, शुक्ती, शंख व कपर्दिक आहेत. लाक्षा ही कीटकांपासून मिळते. लोहाच्या सामान्य शोधनात तक्र व गोमूत्र येतात. आणि कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. आधुनिक औषधांतही ड-३ जीवनसत्त्व पुष्कळदा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून बनते. ड-२ हा त्याला पर्याय आहे. रुग्णेने विचारल्यावर खरे सांगणे आणि स्वीकाराचा निर्णय तिच्यावर सोपविणे, हेच उचित. लपवून दिलेले औषध एकदा उघडकीस आले की, पुढचे कोणतेही औषध ती घेत नाही.

जेथे पर्याय नाही

बी-१२ विषयी मात्र तडजोड नाही. गर्भिणीस त्याची दैनिक गरज जेमतेम अडीच मायक्रोग्रॅम आहे; पण वनस्पतिज आहारातून ती विश्वसनीयपणे भागत नाही. आंबविलेले पदार्थ, स्पिरुलिना, मोड आलेली कडधान्ये यांवर विसंबणे धोक्याचे आहे. गोळ्यांतील बी-१२ जिवाणूंच्या किण्वनाने तयार होते, त्यामुळे व्हीगन रुग्णेस तात्त्विक अडचण येत नाही.

हा प्रश्न केवळ व्हीगन स्त्रियांचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गर्भवतींचा दीर्घ अभ्यास केला. २००८ साली डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी आढळले; आणि ज्या मातांमध्ये बी-१२ कमी पण फॉलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनरोध सर्वाधिक होता. या स्त्रिया दूध वर्ज्य करणाऱ्या नव्हत्या. शिवाय, एकट्या फॉलिक आम्लाने पांडुता सुधारलेली दिसते, पण नाड्यांची हानी चालूच राहते.

आमच्या रुग्णेस प्रसूतितज्ज्ञांनी बी-१२ ची इंजेक्शने दिली, पुढे रोजची गोळी. लोह-फॉलिकची गोळी लिंबूपाण्यासह सकाळी, कॅल्शियम जेवणानंतर, दोहोंत काही तासांचे अंतर. चहा गोळीपासून दूर. सदतिसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ११.१ झाले. संहितेत बी-१२ चे नाव नाही म्हणून ही गोळी लिहिताना संकोच वाटण्याचे कारण नाही. संहिताकारांच्या गर्भिणीला दुधातून ते नकळत मिळत होते. आपल्या रुग्णेने ते दार बंद केले आहे, तर दुसरे उघडणे आपले काम आहे.

चेष्टा व विश्रांती

गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राप्रमाणे जपावे, अशी चरकाचार्यांची उपमा आहे. पात्र हलवूच नये असा तिचा अर्थ नाही. हिंदकळू देऊ नये, असा आहे. गड चढणे थांबविले. सपाटीवर सकाळ-संध्याकाळ चालणे ठेवले, बोलताना दम लागणार नाही इतक्याच वेगाने. बद्धकोणासन व मार्जारासन प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चालू राहिले. कूस डावी, दुपारी अर्धा तास पाय वर. गर्भाची हालचाल मंदावणे, डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, चेहऱ्यावर सूज किंवा रक्तस्राव यांपैकी काहीही झाल्यास आमच्याकडे न येता थेट रुग्णालय गाठावे, हे सासूबाईंच्या देखत कागदावर लिहून दिले.

उपसंहार

एकोणचाळिसाव्या आठवड्यात तिची प्रकृत प्रसूती झाली. कन्येचे वजन २ किलो ८०० ग्रॅम. एका रुग्णेवरून सिद्धान्त होत नाही आणि हे यश कोणत्या एका उपायाचे, हेही सांगता येणार नाही. सूतिकावस्थेत सासूबाईंनी नारळाच्या पाण्यात भिजविलेले अळीव, खोबरे व गूळ घालून लाडू केले, तूप न घालता. बी-१२ ची गोळी स्तन्यपानाच्या संपूर्ण काळात चालू राहिली; बालिकेची तपासणी बालरोगतज्ज्ञांकडे नियमित झाली.

सुज्ञ वैद्यबंधू-भगिनींना आमची नम्र विनंती अशी की, प्रत्येक गर्भिणीस, ती व्हीगन असो वा नसो, पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारावेत : दूध-तूप प्रत्यक्षात किती घेता? बी-१२ तपासले आहे काय? हातापायांत मुंग्या येतात काय? हे तीन प्रश्न विचारण्यास दोन मिनिटे लागतात. २०१६ च्या त्या पावसाळ्यात आमच्याजवळ अर्धा तास होता, आणि तो आम्ही उपदेशात घालविला.